फोरमनला लागतो तसा हॉट डॉग

नऊ दिवस बाबांनी अन्नाला तोंड लावलं नाही, आणि दहाव्या दिवशी तोंड उघडलं ते हॉट डॉग मागायला.

आता, अर्धांगाचा झटका आलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं काय मागावं याचे काही संकेत आहेत. पाणी मागावं. थोरल्या लेकीला बोलवा म्हणावं. फारच झालं तर कपाटाच्या किल्लीबद्दल काहीतरी अर्धवट बोलून मागच्यांना जन्मभराच्या कामाला लावून जावं. बाबांनी यातलं काही केलं नाही. छताकडे बघत, ओठांच्या शाबूत राहिलेल्या उजव्या कोपऱ्यातून त्यांनी एकेक अक्षर सोडवलं, "हॉट... डॉग." मग थोडा दम खाल्ला. "माझा. तसा."

रुग्णालयातल्या पलंगाशेजारच्या स्टुलावर चिरंजीव बसले होते. चिरंजीव म्हणजे बाबांचा मुलगा. वय सेहेचाळीस, वजनमापे खात्यात निरीक्षक, नोकरीला बावीस वर्षं. हातात सुपाचा चमचा आणि तोंड उघडं. भरवणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं, ज्यांनी बाळं वाढवलीत त्यांना हे ठाऊक असतं. चिरंजीवांची दोन्ही बाळं सुनबाईंनीच वाढवली असल्यामुळे आपलं तोंड उघडं आहे हे त्यांना सिस्टरनं सांगेपर्यंत कळलं नाही.

"काका, तोंड मिटा तुमचं. आजोबा काय म्हणतायत ते ऐका," सिस्टर म्हणाली.

"त्यांना भ्रम झालाय," चिरंजीव म्हणाले. "बाबा बाहेरचं खात नाहीत."

आणि हे खरंच होतं, निदान घरात तरी. दोऱ्याच्या रिळांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फोरमन असलेल्या या माणसानं बाहेरच्या खाण्यावरून मुलांना असं काही झोडपलं होतं की थोरल्या ताईला अजून रस्त्यात शेंगदाणे खाताना मागं वळून बघायची सवय आहे. जेवायला बसले की बाबा बोलत नसत. नुसते बघत. त्यांची नजर पानावर पडली की चिरंजीवांचा घास घशात अडकायचा. मग पाणी, मग ठसका, मग बाबांचं ते मान फिरवणं. सातवीत असताना चिरंजीवांनी अभ्यासाचं निमित्त काढून बाबांच्या आधी जेवायला सुरुवात केली, आणि तो अभ्यास आजतागायत संपलेला नव्हता.

"भ्रम असो की काही असो," सिस्टर म्हणाली, "नऊ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. डॉक्टरांनी सांगितलंय ना? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तोंडानं काही गेलं नाही, तर नाकातून नळी. आज सोमवार. मऊ करून, थोडं, माझ्यासमोर, बसवून द्यायचं. जा, आणा."

नळी म्हटल्यावर बाबांनी डोळे मिटले. त्यांना सगळं कळत होतं.

मंगळवारी चार वाजता चिरंजीव बेकरीतून एक हॉट डॉग घेऊन रुग्णालयात पोचले. भेटीची वेळ चार ते सहा. पण बाहेरचं अन्न वर न्यायचं तर आधी तळमजल्यावर खिडकी क्रमांक दोन.

"पदार्थाचं नाव?" खिडकीनं विचारलं. आत माणूस असणारच, पण जाळीतून फक्त चष्मा दिसत होता.

"हॉट डॉग."

चष्मा यादीवरून वरपासून खालपर्यंत फिरला. "यादीत नाही."

"मग काय लिहायचं?"

"असेल ते सांगा. पाव आहे. पाव मला चालतो, कोरडे पदार्थ. आत काय आहे?"

"सॉसेज."

"ते शिजवलेलं मांस. खिडकी पाच."

"अहो, पण ते पावाच्या आत आहे."

"म्हणूनच म्हणतोय. दोन्ही एकत्र आणलंत तर मी कुठल्या रकान्यात घेऊ? तुम्हीच सांगा."

चिरंजीवांना ते पटलं. स्वतः रकान्यांत आयुष्य काढलेल्या माणसाची हीच गोची असते. त्यांनी भिंतीकडे तोंड करून हॉट डॉग सोडवला. पाव दोन नंबरला दिला, सॉसेज कागदात गुंडाळून पाच नंबरच्या रांगेत उभं केलं. पाचव्या खिडकीला मोहरीच्या पिवळ्या सॉसच्या बाटलीची शंका आली. लावायचं आहे का खायचं? खायचं असेल तर बाटलीबंद द्रव, आणि त्यावर औषधाच्या दुकानाचा शिक्का लागेल. औषधवाल्यानं बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि ही दिवसातून किती वेळा घ्यायची, असं विचारलं.

"प्रमाण?" परत आल्यावर दोन नंबरनं विचारलं.

"एक."

"एक काय?"

"एक नग," चिरंजीव म्हणाले, आणि सही केली.

पाच वाजता तिसऱ्या मजल्यावर, तापाच्या तक्त्याच्या पाटीवर, त्यांनी तो पुन्हा जोडला. सिस्टरनं बाबांना उशा लावून बसवलं. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. उजवा हात चादरीवरून थोडासा सरकला. चिरंजीवांनी घास पुढं केला, अर्थातच तोंड उघडून. बाबांची नजर घासावरून चिरंजीवांच्या तोंडावर गेली, तिथं जरा रेंगाळली, आणि मग मान भिंतीकडे फिरली. तेच ते फिरवणं.

"तसा... नाही."

"मला चालेल," शेजारच्या पलंगावरून आवाज आला.

शेजारी एक शिंपी होता. पोटाला नळ्या, अंगात हाडं, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल तक्रार नाही. सिस्टरनं डॉक्टरांना विचारून त्याला अर्धा दिला. शिंप्यानं तो डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाला, "शिलाई जरा घट्ट आहे, पण कापड उत्तम."

तर प्रश्न असा होता : तसा म्हणजे कसा?

बातमी चिरंजीवांच्या घराच्या इमारतीत पसरायला जिना चढण्याएवढाच वेळ लागला. तळमजल्यावरचे काका वर आले. काका एकदा परदेशी जाऊन आले होते आणि तेव्हापासून पूर्णपणे परत आलेच नव्हते. "पहिली गोष्ट," ते म्हणाले, "हॉट डॉग म्हणू नका. फ्रँकफर्टर. ते उकडायचं असतं. तळणं म्हणजे गुन्हा आहे."

"काही उकडायचं नाही," काकू त्यांच्या मागूनच जिना चढत होत्या. "लांब पाव म्हणतात त्याला. सरळ लांब पाव. तव्यावर चांगला काळा करायचा, वर कांदा. उकडलेलं कोण खातं? हे खातात, आणि मग रात्रभर कण्हतात."

"मी कण्हत नाही. मी विचार करतो."

ताईचा दूरच्या गावाहून फोन आला. बाबांना हॉट डॉग आवडतो, हे आपल्यापासून पन्नास वर्षं लपवून ठेवलं म्हणून ती आधी दहा मिनिटं रडली. मग म्हणाली, "लाल सॉस घाल. बाबांना गोड आवडतं."

"कधीपासून?"

"मला आवडतं ना, म्हणजे त्यांनाही आवडत असणार. मी त्यांच्यावरच गेलेय."

इथं चिरंजीवांच्या अंगातला निरीक्षक जागा झाला. त्यांनी एक वही केली. पाव, सॉसेज, सॉस, कांदा, इतर असे रकाने आखले आणि बुधवारी सकाळी बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या माणसांच्या शोधात निघाले. कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. बॉयलरवाला सापडला, आणि जमाखर्चातले कारकून सापडले. बाकीच्यांचे हार घातलेले फोटो सापडले.

बॉयलरवाल्याला एका कानानं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तो दोन कानांचं बोलायचा. "हॉट डॉग? आम्ही त्याला भोंगा म्हणायचो! चारचा भोंगा झाला की फाटकावर गाडी लागायची ना! फोरमन रोज यायचा! रोज!"

"रोज?"

"पावसापाण्यात! त्याचा भोंगा म्हणजे करपलेला, वर मिरची! डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे! लिहा!"

कारकुनांनी मात्र भोंगा हा शब्द ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "ती बॉयलरची भाषा. आमच्या विभागात सॉसेज रोल म्हणत. तुमचे वडील फार सौम्य खात. पाव वाफवलेला, वर काहीसुद्धा नाही. आम्लपित्त असतं ना."

"बाबांना आम्लपित्त नाही."

"मला आहे," कारकून म्हणाले.

माणसाला दुसऱ्याची आवड विचारली की तो आपलीच सांगतो, हे चिरंजीवांना वहीचं चौथं पान भरल्यावर समजलं. पण समजून उपयोग काय? हातात तेवढंच होतं. बुधवारी त्यांनी करपलेला नेला. बाबांनी मान फिरवली. साडेपाचला वाफवलेला नेला. मान आधीच फिरलेली होती.

नेण्याआधी एक प्रकार घडला, तो चिरंजीव घरी बोलले नाहीत, पण सुनबाईंना पेटी पुसताना कळला. दुपारी एका वाण्याचा तराजू तपासायचा होता. चिरंजीवांनी कातडी पेटी उघडली, आतलं खात्याचं प्रमाणित पितळी वजन उचललं, तर ते बोटांतून सटकलं. पिवळ्या सॉसची बाटली पेटीत कलंडली होती. एक किलो, अर्धा किलो, पाव किलो, सगळी वजनं मोहरीत न्हालेली. बावीस वर्षं ज्या माणसाच्या नुसत्या चाहुलीनं बाजारातले तराजू सरळ होत, तो हातरुमालानं किलो पुसत उभा होता.

"साहेब," वाणी अतिशय नम्रपणे म्हणाला, "वजन मोहरीसकट धरायचं, की मोहरी वगळून?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी चिरंजीव रजा टाकून लवकर रुग्णालयात गेले, तर शिंप्याचा पलंग रिकामा. गादी गुंडाळलेली, आणि खालच्या लोखंडी पट्ट्या उघड्या. पहाटे गेला, सिस्टर म्हणाली. आदल्या दिवशीचे दोन्ही नाकारलेले हॉट डॉग त्यानंच थोडे थोडे चाखले होते. "त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही," असं सिस्टरनं चिरंजीवांना सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा चिरंजीवांना घाम फुटला. समोरच्या पलंगावरची बाई कुजबुजली, "तो खाऊ घालणारा हाच," आणि तिनं आपला बिस्किटाचा पुडा उशीखाली सरकवला.

बाबा त्या लोखंडी पट्ट्यांकडे बघत होते. त्यांच्या मनगटावरची कातडी सैल पडली होती, दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाची अंगात घातल्यासारखी. चिरंजीवांनी त्यांची चादर उगाचच सारखी केली. 

त्या दुपारी ते घरी आले आणि वही स्वयंपाकघराच्या ओट्यावर टाकली. सतरा प्रकार, नऊ नावं.

सुनबाई भांडी विसळत होत्या. हात पुसून त्यांनी वही चाळली. "अहो, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तीन दिवस तुम्ही खाणाऱ्यांना विचारत फिरताय. विकायचं कोण?"

चिरंजीवांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग उठून बॉयलरवाल्याकडे निघाले.

गाडीवाली मावशी बॉयलरवाल्याच्या घरामागच्याच गल्लीत राहायची. बॉयलरवाल्यानं पत्ता लगेच दिला, "मग आधी विचारायचं ना!" असंही जोडून दिलं. मावशींची खोली एवढीशी होती. निम्म्या खोलीत गाडीवरची मिटलेली छत्री आडवी पसरली होती आणि बाई तिच्यावरच पाठ टेकून बसल्या होत्या. चिरंजीवांनी वही उघडली.

"त्यांना कसा लागायचा?"

"फोरमनला? कसाही."

"कसाही म्हणजे?"

"करपलेला दिला तर करपलेला. कांदा संपला तर बिनकांद्याचा. खाण्यात त्याचं लक्षच नसायचं." मावशींनी वहीतले रकाने पाहिले आणि त्यांना जरा दया आली असावी. "पोरा, तू त्याला आख्खा दिलास का?"

"म्हणजे? एक नग."

"तिथंच चुकलास. त्यानं माझ्याकडं पस्तीस वर्षांत आख्खा खाल्ला नाही. भोंगा झाला की यायचा, एक घ्यायचा, आणि बघायचा, बाजूला एकटं कोण उभं आहे. नवीन लागलेला पोरगा असो, नाहीतर कुणाशी भांडण झालेला असो. त्याला बोलवायचा. खिशातून दोरा काढायचा, कारखान्यातला. पावाभोवती एक वेढा, एक टोक त्याच्या हातात, एक समोरच्याच्या. ओढलं की दोन तुकडे. सुरीपेक्षा साफ. आणि नियम होता त्याचा, दोरा ज्यानं लावला त्यानं आधी उचलायचं नाही. समोरच्यानं निवडायचं."

"म्हणजे तुकडे सारखे पडावेत म्हणून," चिरंजीव म्हणाले. हे त्यांच्या खात्यातलं होतं.

"सारखे?" मावशी हसल्या. "अरे, त्यानं दोरा कधी मधोमध लावलाच नाही. मी म्हणायची, फोरमन, डोळे तपासून घे. आणि मोठा तुकडा समोरच्याकडं वळवून ठेवायचा. निवडायला नावापुरतं."

चिरंजीवांनी वही मिटली.

"एकदा मी म्हटलं, तुझ्या पोराला आण की कधीतरी फाटकावर. तर म्हणाला, नको. माझ्यासमोर जेवत नाही तो. घास अडकतो त्याचा." मावशी छत्रीवरची धूळ बोटानं पुसत राहिल्या. "मग म्हणाला, माझी नजरच वाईट आहे बघ. बघतो मी त्याला पोटभर मिळालं का ते, आणि त्याला वाटतं मी मोजतोय."

घरी परतताना चिरंजीव बसनं दोन थांबे पुढं गेले आणि चालत मागं आले.

शुक्रवारी चार वाजता खिडकी क्रमांक दोननं पाव घेतला, पाचनं सॉसेज घेतलं. "आणि हे?" चष्म्यानं विचारलं. सुनबाईंच्या शिवणाच्या डब्यात तळाशी कारखान्याचं एक रीळ निघालं होतं, पांढऱ्या दोऱ्याचं.

"दोरा."

"खायचा?"

"नाही."

"मग माझ्याकडं कशाला आणलात? जा वर."

डॉक्टर सहाला येणार होते. नळीचं सामान ट्रेमध्ये मांडून, वर हिरवं कापड टाकून ठेवलेलं होतं. सिस्टरनं बाबांना उशा लावल्या. चिरंजीवांनी पाटीवर हॉट डॉग जोडला. वर काहीच लावलं नाही. सॉसची बाटली घरीच राहिली होती. मग दीड हात दोरा तोडला, पावाभोवती वेढा घातला आणि सवयीनं, नजरेनं मोजून, तो बरोबर मधोमध आणला. बावीस वर्षांची नजर. केसाचाही फरक नव्हता.

बाबांनी मान फिरवली नाही. त्यांचा उजवा हात चादरीवरून निघाला. पाटीपर्यंतची ती वीतभर वाट कापायला त्याला इतका वेळ लागला की समोरच्या पलंगावरच्या बाईनं उठून बसून घेतलं. बोट दोऱ्यापाशी पोचलं. बाबांनी दोरा सरकवला. थांबले. पुन्हा सरकवला. आणखी सरकवला, पार टोकाशी, जिथून जेमतेम पेरभर तुकडा निघाला असता. मग एक टोक चिमटीत धरलं आणि चिरंजीवांकडे पाहिलं.

चिरंजीवांनी दुसरं टोक धरलं. बाबांच्या बाजूला जोर असा नव्हताच. दोरा नुसता धरलेला होता. पण धरलेला होता. पाव कापला गेला, सॉसेज कापलं गेलं, पाटीवरच्या तक्त्याच्या कागदाला चरासुद्धा पडला नाही.

"उचल," बाबा म्हणाले.

चिरंजीवांनी पेरभर तुकड्याकडे हात नेला. "अंहं," घशातून आवाज आला, तोच जुना, फोरमनचा. चिरंजीवांनी मोठा तुकडा उचलला. बाबा बघू लागले. त्याच नजरेनं.

घास तोंडात गेला आणि घशाशी आला, आणि सवयीप्रमाणे तिथंच थांबला. सेहेचाळीस वर्षांचे निरीक्षक गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून उभे. सिस्टरनं रुग्ण सोडून भलत्याच माणसाच्या पाठीवर हात ठेवला. "सावकाश, काका. चावा आधी."

"चाव," बाबा म्हणाले. "पुरे... आहे."

चिरंजीवांनी चावलं. गिळलं. मग पुढचा घास घेतला. बाबा प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत बघत राहिले, बाळाच्या दुधाच्या बाटलीतली पातळी बघावी तसे, आणि शेवटचा उतरल्यावर त्यांनी स्वतःचं तोंड उघडलं. सिस्टरनं तो पेरभर तुकडा कुस्करून, तीन चिमट्यांत त्यांच्या जिभेवर ठेवला. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा ओठाच्या पडलेल्या कोपऱ्यातून बाहेर आला. तो चिरंजीवांनी बोटानं पुसला.

डॉक्टर सहाला आले. त्यांनी तक्ता वाचला, चांगलं म्हणाले, आणि एवढ्यानं भागत नाही, असंही म्हणाले. ते खरंच होतं. शनिवारी नळी घातली. सोमवारी दुपारी, चार वाजायच्या जरा आधी, बाबा गेले.

त्यानंतरचे कागद खिडकी क्रमांक दोनलाच होते. तळमजल्यावरचे काका सोबत आले होते. त्यांनी खिशातलं पेन काढून पुढं केलं. चष्म्यानं जाळीतून एक लांबलचक अर्ज सरकवला. नाव, वय, नातं. अकराव्या रकान्यात लिहिलं होतं : तोंडाने घेतलेले शेवटचे अन्न, पदार्थाचे नाव व प्रमाण.

चिरंजीवांनी लिहिलं, हॉट डॉग.

"यादीत नाही," चष्मा म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या आत एक म्हातारासा माणूस आहे, हे चिरंजीवांना प्रथमच दिसलं. "असू दे. राहू दे. प्रमाण?"

ज्या माणसानं बावीस वर्षांत एकही खोटं माप पास केलं नव्हतं, ज्याला एका नजरेत पाव किलोतली पाच ग्रॅमची खोट दिसायची, त्यानं पेन टेकवलं.

"अर्धा," चिरंजीव म्हणाले.

"बरोबर अर्धा?"

"बरोबर अर्धा," ते म्हणाले, आणि सही केली.